वाऱ्याची वही

सुकी मासळी आत जात नाही.
पहिल्या सोमवारी मला हे माहीत नव्हतं.
सोड्यांची पुडी हवालदारानं दोन बोटांत धरली,
हुंगली, आणि परत दिली,
गुन्ह्यातला मुद्देमाल असावा तशी.

खोबरेल चालतं, सीलबंद. साबण दोन.
चड्डी-बनियन चालते, नाडी चालत नाही.
आधार कार्डाची झेरॉक्स. नातं काय ते लिहा.
मी लिहिलं, बहीण.
थोरली हे त्या चौकटीत मावलं नाही.

देवगड ते कुडाळ, कुडाळ ते सावंतवाडी,
जायला साडेतीन तास, बोलायला दहा मिनिटं.
त्यातली चार बाबल गप्प बसला.
मग जाळीवरून बोट फिरवत हसला,
"आस बघ गे ह्या जाळ्याची. पिलूय सुटाचां नाय."

ह्याच आसेवरून तर तो आत आहे.
रात्री परक्या नौकेवर सतराजण चढले,
बारीक आसेचं जाळं पेटवलं.
नौका पेटली की पेटवली
ते कोर्ट ठरवील. मी ठरवत नाही.

उठता उठता त्यानं विचारलं,
"वारो खंयचो हा?"
बेचाळीस वर्षं समुद्राच्या तोंडावर राहून
मला सांगता आलं नाही.

पुढं जामीन झाला. म्हणजे कागदावर झाला.
आता जामीनदार हवा, आणि त्याच्या नावावर जमीन.
आमच्या सातबाऱ्यावर एक्केचाळीस नावं,
नऊ मेलेली, सहा विरारला,
आणि एक कोण ती चंद्रभागा,
जी कुणालाच आठवत नाही
पण तिची सही लागेल.

ज्यांनी त्याला बंदरावर खांद्यावर घेतला होता
त्यांचे उतारे त्याच आठवड्यात
बँकेत होते, मुलाकडे होते, सापडत नव्हते.
एकानं चहा दिला.
साखर जास्त घातली होती.

बस्त्याव फर्नांडिसकडे मी गेलेच नव्हते.
त्याचं नि बाबलचं तीन वर्षं वाकडं, एका दोरीवरून.
तोच आला. सायकल माडाला टेकवली,
अकरा गुंठ्यांचा उतारा ओट्यावर ठेवला
आणि उडू नये म्हणून वर दगड.
"तेका भायर काढ आदी," म्हणाला.
"जेलीतल्या माणसावांगडा मी भांडतलंय कसो?"
पाणीसुद्धा न घेता गेला.

ऐपतीचा दाखला अजून तहसीलला आहे.
तलाठी रजेवर, मग साहेब मीटिंगमध्ये,
मग गणपती.
तोवर मी रोज पहाटे दार उघडून उभी राहते,
बोट जिभेवर ओलं करून वर धरते, तो करायचा तसं.
शेजारची सुलभा बघते. बघू दे.
केसच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिते:

मंगळवार. मतलई, उन्हं येईपर्यंत.
बुधवार. पडलेला. माडाची झावळसुद्धा हलली नाही.
गुरुवार. दुपारनंतर वायव्येचा, पाणी गढूळ, कुणी गेलं नाही.
शनिवार. मतलई, पण अंगात जोर नाही.
रविवार. तोच.

सोमवारी जाळीला तोंड लावून वाचून दाखवते.
घरची खबर शेवटच्या मिनिटात उरकते,
आई बरी आहे, होडीला तेल दिलं,
बारकीला इंग्रजीत सहा मार्क.
वारा मात्र सावकाश.
तो डोळे मिटून ऐकतो.
परवा मध्येच थांबवलं.
"शुक्रवारचो?"

शुक्रवारी आईला ताप होता.
मी दाराशी गेलेच नव्हते.
"मतलई," मी ठोकून दिलं.

"खोटां," तो म्हणाला. "दखिणेचो होतो.
माका भितुरसून कळलो."

पेन गेटवर जमा होतं.
बाहेर आल्यावर, स्टँडवर, मांडीवर कागद धरून लिहिलं:
शुक्रवार. दक्षिण.
पुढं कंसात, बाबलकडून.