पोटातलं पाणी

ट्रक चार इंच उचललेला,
माझी उंची पाच फूट एक.
चढताना आधी औषधांची पेटी आत भिरकावते,
मग दाराच्या कडीला लोंबकळते.
नौदलात भरती झालेल्या एका पोराने
जाता जाता स्वस्तात विकला.
उंची त्याने हौसेने वाढवली,
शॉकअप मात्र जुनेच, आखूड;
पोरगं ताडमाड वाढलं तरी
तिसरीतल्याच चड्डीवर शाळेत धाडावं तसं.

फार्मिंग्टनच्या पूर्वेला, टायरवाल्याच्या मागे,
लीरॉय त्सोसी गाडीखालून बोलतो.
मला दिसतात फक्त बूट.
"घाम फुटलाय ह्यांना."
तेल पाझरलेलं, त्यावर महिनोन्‌महिन्यांची धूळ,
कढईला करपलेल्या पिठल्यासारखी.
मग बाहेर येतो, बोनेटच्या कोपऱ्यावर
अंगाचा सगळा भार टाकतो, सोडतो.
ट्रक खाली, वर, खाली, वर, खाली,
काहीही विचारा, हो म्हणणारा नंदीबैल.
"एकदा उठून गप बसायला हवा," तो म्हणतो.

बाकड्यावर तीन मांडले.
एक साधा, दोन नळ्यांचा, नुसत्या तेलाचा.
एक एका नळीचा, जाड, आत नायट्रोजन कोंडलेला.
तिसरा लालभडक, बाजूला वेगळी टाकी लटकवून
लग्नात मिरवणाऱ्या मेव्हण्यासारखा उभा.
किंमत: माझं दीड महिन्याचं घरभाडं.
मला अर्थातच तिसरा आवडला.

"वजन काय काय नेता?"
ऑक्सिजनची दोन नळकांडी.
पाण्याची पिंपं, एलुईझबाईंकडे नळ नाही.
इन्सुलिनचा थंड डबा. मी.
आणि महिन्यातून दोनदा स्वतः एलुईझबाई,
खुब्यात खिळा, वजन नव्वद पौंड.
"वजन स्प्रिंगा उचलतात," तो म्हणाला,
"हा फक्त हेलकावा गिळतो."
गिळून काय करतो?
"तापतो."

त्याने चाक अधांतरी लोंबू दिलं, टेप लावली,
मग दाबून पुन्हा टेप लावली.
"लोंबताना तुटायला नको, दबताना आपटायला नको."
मी मान डोलावली, फार मोठं काही उमगल्यासारखी.
"बाई, मी इंच सांगतोय," तो म्हणाला. "लिहून घ्या."

रस्त्याचं मी त्याला नीट सांगितलंच नाही.
सोळा मैल, धुण्याच्या फळीसारखा,
कडेकडेने खळगे, मध्येच गुरांसाठी लोखंडी गज.
एलुईझबाई ओरडत नाहीत.
दोन्ही मुठींत पट्टा धरतात आणि समोर बघतात.
म्हणून मी बोलते.
सोळा मैल अखंड बोलते,
मिरजेच्या आमच्या शेजारीण काकू,
त्यांचं नळावरचं भांडण, वाळत घातलेल्या सांडग्यांवरून भांडण,
माझं मोडलेलं लग्न, घारग्यांत गूळ किती,
इंग्रजी संपलं की मराठीत.
त्या हूं की चूं करत नाहीत.

लीरॉयला एवढंच म्हटलं,
पोटातलं पाणी हलता कामा नये.
आणि त्याचं इंग्रजी करून सांगितलं.
"कुठलं पाणी?" त्याने विचारलं,
मग हसला, आणि लाल मेव्हणा
आपणहून खोक्यात परत ठेवला.
मधला घेतला. पुढे मऊ, मागे जरा कडक.
तीन हप्ते.

मंगळवारी निघालो.
पहिला गज आला आणि गेला.
खळगा आला, ट्रक एकदा उठला
आणि गप बसला.
एलुईझबाईंचे हात मांडीवर, उघडे.
मीही गाडी हाकत राहिले,
बोलायला काही सुचेना, आणि गरजही वाटेना.
लांबवर कुणाची तरी मेंढरं, एक निळा पत्रा, आभाळ.

अकराव्या मैलावर त्या म्हणाल्या,
"काय गं, आज भांडली नाही का
ती नळावरची बाई?"