चोथा

पाषाणला, आमच्या प्रयोगशाळेच्या फाटकासमोर
दलपत दव्यांचं अमृततुल्य.
सकाळी साडेआठला मी डबा पुढे करते,
ते पितळी पातेल्यावरचं फडकं पिळतात
आणि मला चहा नाही, चोथा देतात.
वेलदोड्याची टरफलं वेगळी काढून. आता त्यांना माहीत झालंय.
गिऱ्हाइकं बघतात. कुणी म्हणतं, गुलाबाला घालत असतील.

गुलाबाला नाही.
चोथा उकळायचा, गाळायचा,
त्या तांबूस पाण्यात लोहाचा क्षार थेंब थेंब सोडायचा,
की बघता बघता सगळं काळं. शाईसारखं.
एका केसाची जाडी हजार जणांत वाटली
तर एकाच्या वाट्याला येईल, एवढाले कण.
विषारी द्रावक नाही, भट्टी नाही.
प्रबंधात याला हरित संश्लेषण म्हणायचं.
आईला सांगितलं तर म्हणाली,
अगं, आवळे चिरले की विळीचं पातं हेच करतं.

फ्रिजवर गुर्जर मॅडमच्या अक्षरात पाटी:
"आतील बाटल्यांत नदी आहे. सरबत समजून पिऊ नये.
प्यायल्यास आम्ही जबाबदार नाही. निरीक्षणे मात्र नोंदवू."

आधी निळ्या रंगावर केलं.
शुद्ध पाणी, त्यात मोजून घातलेला रंग,
चिमूटभर काळी पूड, आणि हलवत राहणं.
दहा मिनिटांनी आकाशी.
वीस मिनिटांनी, कुणी नुसतं नाव घेतल्यासारखं निळं.
अर्ध्या तासाने चंचुपात्राच्या पलीकडे
रोहिदासच्या शर्टाच्या चौकटी दिसायला लागल्या,
एकेक मोजता येईल अशा.

दवेकाकांना दाखवायला नेलं.
त्यांनी बाटली उजेडात धरली, फिरवली, परत धरली.
"पण ताई, चहा गाळला की चोथा राहतो फडक्यात.
तुमचं हे एवढं बारीक,
ते कुठल्या फडक्यात राहणार?"

हे दोन्ही परीक्षकांनी विचारलं नव्हतं.

जुन्या बाजारातून रविवारी साठ रुपयांना आणलंय चुंबक,
कुठल्याशा मंडळाच्या फाटक्या स्पीकरचं.
वर्षानुवर्षं ढणढणलेलं, आता मुकं.
काचेला टेकवलं की काळोख हलतो,
मुंग्यांच्या रांगेसारखा त्याच्याकडे सरकतो,
कडेला गोळा होतो.
सगळा नाही.
शंभरातले तीन कण पाण्यातच राहतात.
"हे लिहू?" मी विचारलं.
"तेच आधी लिही," मॅडम म्हणाल्या.

आणि सोमेश्वरवाडीच्या पुलाखाली राम नदीचं पाणी
निळं नाहीच मुळी. करडं.
त्यात साबण आहे, कुणाच्या सांधेदुखीची अर्धी गोळी आहे,
गाड्या धुतलेल्याचं तेल आहे,
आणि ज्याला अजून आमच्याकडे नाव नाही असं बरंच.
दोरीने बादली सोडत होते, तर एक टेम्पोवाला थांबला.
"काही पडलंय का मॅडम?"
खूप पडलंय, म्हटलं. यादी करतेय.

त्या पाण्यापुढे आमची पूड म्हणजे दर्यामें खसखस.
रंग थोडा उतरला, वास जागच्या जागी.
पाचव्या फेरीला कण दमले.
दोन तास हलवूनही अर्ध्यावर थांबले.
मीही.

रात्री आई ओट्यापाशी विळी घासत होती,
चिंचेचा कोळ, चिमूट मीठ.
पातं काळ्याचं राखाडी, राखाडीचं लख्ख.
"किती वर्षं झाली गं हिला?"
"तुझ्या ताईच्या बारशाआधीची. का?"

वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलं:
सहावी फेरी. धुणे, चिंचेचे पाणी, कोमट.
आणि त्याखाली, विसरू नये म्हणून:
उद्या दव्यांना दोन डबे सांगणे.