लागलं

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर अडतीस.
इथे पूर्वी साबणाच्या वड्यांना कागद गुंडाळायचे,
अजून दमट हवेत भिंतीतून लिंबाचा वास सुटतो.
आता प्लायवूडच्या खोल्या, टायरांच्या राशी,
एक दार, जे अर्धंच उघडतं,
आणि रविवारी सकाळी आठला
आयटीतली, बँकेतली पोरं, एक दातांचा डॉक्टर,
गुडघ्यांना पॅड बांधून रांगेत.

मी दारात. गळ्यात शिट्टी, टेबलावर वेग मोजायचं यंत्र.
प्रत्येकाने त्यातून पाच छर्रे झाडायचे.
आकडा वर गेला की बंदूक पिशवीत,
मग ती हप्त्यावर घेतलेली का असेना.
लौकिक म्हणाला, गावंडकाका, थोडाच तर फरक आहे.
म्हटलं, आतली खोली दहा बाय बारा.
थोडा फरक तिथे गालात रुततो.
भाड्याची घेतली त्याने. तोंड वाकडं करून.

आणि चष्मा.
हा एकच शब्द मी तेवीस वर्षं बोलत आलो
पलीकडच्या गल्लीत, रंगाच्या कारखान्यात.
तिथे म्हणायचे घाम येतो.
इथेही म्हणतात घाम येतो, काच धुरकटते,
एक मिनिट काढू का, काका, कोपऱ्यात?
नाही.
कोपऱ्यातच तर सगळं होतं.
डोळे पुसायचे तर शिट्टी मागा, मी खेळ थांबवीन.
वरकड काही विचारू नका,
साळुंखेचा उजवा डोळा मी पाहिलाय,
नंतरचा.

या खेळात रंग उडत नाही.
डाग पडत नाही, दिवा लागत नाही,
कापडावर टप्प होतं आणि संपतं.
ज्याला लागलं त्यालाच ठाऊक.
म्हणजे पंच मी नव्हेच,
पंच प्रत्येकाच्या सदऱ्याच्या आत,
कधी जागा, कधी पेंगुळलेला.
घणसोलीच्या बांधावर डबा ऐसपैस खेळताना
आम्ही ओरडायचो, रडीचा डाव, रडीचा डाव,
आणि रड्या लाल होऊन घरी पळायचा.
इथे ओरडायला कुणी पाहिलेलंच नसतं.

पहिल्या डावात मी माळ्यावर उभा होतो.
टप्प ऐकलं. लौकिकच्या पाठीवर.
तो क्षणभर थबकला, आणि पुढे गेला,
पुढे जाऊन दोघांना बाद केलं त्याने,
टाळ्याही मिळाल्या.
शिट्टी माझ्या ओठांत होती.
मी ती फुंकली नाही. का, ते अजून
नीट सांगता येत नाही.

तिसरा डाव. तेच अर्धं दार.
लौकिक आत सरकला, पाठ मोकळी,
आणि मागे हातभरावर फरहीन.
तिची नळी त्याच्या मानेवर. चापावर बोट.
मानेला तर कापडही नव्हतं.
तिने बोट बाहेर काढलं,
नळी जमिनीकडे केली,
आणि दोन बोटांनी त्याच्या खांद्यावर टकटक,
दार वाजवावं तशी.
हळूच म्हणाली, भोज्जा.

पलीकडे छर्ऱ्यांचा पाऊस पत्र्यावर.
कुणी ऐकलं नव्हतं.
वळून तो झाडू शकला असता,
म्हणू शकला असता, कोण, कधी, कुठे.
किती वेळ गेला कुणास ठाऊक,
घामाचा एक थेंब चष्म्याच्या आतून
खाली पोचेपर्यंत.
मग त्याने खिशातून लाल फडकं काढलं,
आईच्या जुन्या ब्लाऊजपीसचं असावं,
डोक्यावर धरलं
आणि मोठ्याने ओरडला, लागलं!

लागलं काहीच नव्हतं.

दुपारी मी झाडत होतो.
पांढरे छर्रे सुपलीत येत नाहीत,
पळतात, गटाराच्या जाळीकडेच पळतात.
लौकिक केस ओले करून आला,
सुपली धरली माझ्यापुढे.
काका, तो सकाळचा पहिला डाव...
म्हटलं, माहितेय.
तो तसाच उकिडवा बसून राहिला.
म्हटलं, चष्मा पुसून खोक्यात ठेव.
काच आतून पूस,
बाहेरून सगळेच पुसतात.