मगरीच्या पोटातला दगड

सिल्व्हरटाउनच्या कारखान्यात
गोणी उसवली तेव्हा आधी शेपूट बाहेर आलं,
मग पाय, मग जबडा.
सारवाकचा गट्टापर्चा.
चीक थिजता थिजता कुणीतरी
त्याची मगर केली होती,
डोळ्यांच्या जागी अंगठे दाबून.

डॉर्कस हॉबडेचं काम साधं:
ढेप कातरयंत्राच्या तोंडी द्यायची,
काप कढत पाण्यात पडले
की साली, काटक्या वेचायच्या.
महिन्याकाठी एखादं बदक यायचं. एकदा डुक्कर आलं होतं.
त्यांना ती नाव देत नसे. नाव दिलं की हात थबकतो.

मगरीच्या डोळ्यांत मात्र तिनं अंगठे घालून पाहिले.
खोबणी मोठ्या होत्या. अंगठे आत सैल हलले.

ज्याच्या मापाच्या होत्या, तो उंगात.
हे तिला कळायला वाट नव्हती.
तार अजून तिकडे पोचायची होती,
आणि पोचली असती तरी
असलं काही सांगायला थोडीच होती ती?
कापसाचा भाव, जहाजांच्या तारखा,
आणि शब्दागणिक पैसे मोजून
कुणाचं तरी मरण.

एवढ्या मगरीला झाडं किती पडली
ते उंगातनं बोटांवर सांगितलं असतं,
हातांच्या, आणि मग पायांच्याही.
उभ्या झाडाचा चीक पुरत नाही.
आडवं करायचं, बुंध्यावर वळी कोरायची,
करवंटी लावून बसायचं. डास. पाऊस. बसायचं.

तांब्याचं कसं आहे,
समुद्रात उघडं सोडलं
तर सगळं बोलणं पाण्यालाच सांगून मोकळं होतं.
म्हणून त्याला हे कातडं.

कर्रर्र झालं आणि पातं तुटलं.
मगरीच्या पोटात मुठीएवढा दगड,
नदीतला, गुळगुळीत.
'वजनात मारलं लेकाच्यांनी!'
मुकादम पर्किस ओरडला, आणखीही बरंच काही बोलला.
डॉर्कसला हसू आवरेना.
साखरेत वाळू मिसळणारा तिच्या गल्लीतला दुकानदार
तिला अचानक आठवला होता,
आणि इतक्या लांबून आलेली ही लबाडी
तिला ओळखीची वाटली.
दगड तिनं एप्रनच्या खिशात टाकला.

मगर आता दोन मैल खोल पाण्यात
तारेभोवती लांबच लांब पडून आहे.
तिच्या पोटातून भाव जातात. चढे, उतरते.

दगड डॉर्कसच्या खिडकीत,
भाड्याच्या पावत्यांवर.
त्याच्यातून काहीही जात नाही.