नावाची पाटी

खोकं इतकं हलकं की पोस्टमन म्हणाला,
आत काही आहे ना नक्की?
बेथेस्डात त्या दिवशी पाऊस नव्हता,
म्हणून तारीख लक्षात आहे.
टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली,
मैदा मोजायच्या काट्यावर फ्रेम तोलून धरली :
एक किलो, वर चाळीस ग्रॅम.
काळी, बिनचकाकीची.
खालच्या नळीवर, जिथं लोकांच्या सायकली
आपलं घराणं सांगतात,
तिथं पाटी कोरी.

गेथिनचं दुकान बँगोरला.
तो आधी भाऊ की आधी दुकानदार,
हे त्यालाही सांगता यायचं नाही.
म्हणाला, एलुनेद, उतारावर ताशी साठनं जाताना
बिननावाच्या वस्तूवर भरवसा ठेवशील?
मी म्हटलं, तुझ्या नावाच्या वस्तूला
माझा पाच महिन्यांचा पगार लागतो.
हॉस्पिटलच्या धुलाईघरात रात्रपाळी करते मी.
रोज चारशे चादरी.
कुठल्या चादरीवर धुणारीचं नाव असतं?

तरी भीती होतीच.
दोन पेन्सचं नाणं घेऊन
इंचाइंचावर वाजवत गेले फ्रेम.
आजोबा खाणीत दगड असाच वाजवायचे :
चांगला दगड घंटेसारखा बोलतो,
भेग असली की घसा बसलेला.
छिन्नी लावून ते थरातून थर सोडवायचे,
कागदासारखे.
इथं कुणीतरी थरावर थर बसवलेत.
आजोबांच्या कौलांना नावं होती मापाप्रमाणे,
एम्प्रेस, डचेस, काउंटेस.
अर्ध्या जगाच्या छपरांवर सरदारणी झोपल्या
आणि फोडणाऱ्याचं नाव
फक्त पगाराच्या वहीत. तेही चुकीचं लिहिलेलं.

मागचं चाक प्रिदर्ककडून,
त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर.
गिअर माझ्या जुन्या लोखंडी सायकलचे.
हँडल कुणाचं ते विचारू नका.
फोर्कची दांडी कापायची होती :
दोनदा मापली, तिसऱ्यांदा मापली,
चहा केला, पुन्हा मापली.
पातं ओलं, तोंडाला फडकं,
आणि काळी धूळ पाण्यात बसताना पाहिली.
केबल आतून न्यायची म्हणून
एका टोकाला शिवणाचा दोरा, दुसऱ्याला व्हॅक्यूम क्लीनर.
दोरा आत गेला.
गेला तो गेलाच, अख्खं रीळ संपलं.

शोधायला म्हणून टॉर्च लावला
पॅडलच्या भोकात,
आणि आत, राळ जिथं जरा जास्त साचली होती,
तिथं एक केस.
लांब. काळा. टोकाशी किंचित वळलेला.
नखानं खरवडला, निघेना.
थर बसवताना टोपीतून सुटला असेल,
किंवा कपाळावरचा घाम पुसताना.
तिचीही रात्रपाळी असेल का?
मी टॉर्च बंद केला
आणि थोडा वेळ तशीच बसले.

सकाळी दाराशी पावाच्या पिशवीत
गेथिनचा टॉर्क पाना.
सोबत चिठ्ठी : पाच न्यूटन मीटर. सहा नाही.
बाकी काही नाही.
तो असाच माफी मागतो.

रविवारी ऑग्वेनच्या तळ्याकडे चढले.
वारा समोरून, मेंढ्या रस्त्यात,
आणि पॅडलपाशी काहीतरी
दर फेरीला कुरकुरत होतं.
वरच्या फाटकापाशी एक मेंढपाळ
दार धरून उभा राहिला माझ्यासाठी.
छान आहे, म्हणाला. कुणी बनवली?

मी अर्धं तोंड उघडलं, मी म्हणायला.
मग म्हटलं, नाव ठाऊक नाही.
त्याला वाटलं, कंपनीचं.
म्हणाला, असू दे.
पण कुरकुरतेय बरं का. ग्रीस लाव.