येते

स्वान्सीला, चॅपलमागच्या हॉलमध्ये,
मंडळाच्या नाटकाचा मी प्रॉम्प्टर.
म्हणजे पडद्याच्या घडीत उभा,
हातात वही, गालात खडीसाखर,
दुसऱ्याचं वाक्य
त्याच्याआधी एक श्वास मनात म्हणणारा.

नाटक दाभोळ्यांचं. दाभोळे दंतवैद्य.
पहिल्या खर्ड्यात बायको घर सोडताना
पावणेदोन पानं बोलायची:
सव्वीस वर्षं, तुझी आई, माझी नोकरी,
ती कार्डिफची रात्र, वगैरे.
तालमीगणिक ते उपटत गेले.
"दुखतं तिथे बोट ठेवायचं नसतं," म्हणाले,
"शेजारच्या दातावर टकटक करायची.
पेशंट आपोआप कळवळतो."

उरलं ते एवढंच:

– डब्यांवर नावं लिहून ठेवलीत.
– हं.
– कढीपत्ता फ्रीझरमध्ये. खालच्या खणात.
– दार नीट ओढून घे. वारा येतो.
– येते.

आणि अंधार.

माझ्या वहीत मात्र
पेन्सिलीने खोडलेलं सगळं अजून वाचता येतं.
शरयू "कढीपत्ता" म्हणते
तेव्हा मला त्याखाली कार्डिफची रात्र दिसते.
इतरांना काय दिसतं, देव जाणे.
तालमीला बसलेल्या एक मावशी म्हणाल्या,
"जाताजाताही किती काळजी हो नवऱ्याची!"
मला वाटलं दाभोळे चिडतील.
ते खूश झाले.

दिव्यांवर एम्रिस.
पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त, मराठीचा गंध नाही;
हॉलच्या किल्ल्या त्याच्याकडे, म्हणून दिवेही त्याच्याकडे.
त्याला मी एकच शब्द शिकवला.
हा ऐकलास की बटण खाली.
त्याने पुठ्ठ्यावर आपल्या लिपीत उतरवून घेतला,
तीनदा म्हणून पाहिला,
चौथ्यांदा अर्थ विचारला.

"मी येते."
"पण ती तर जाते."
"हो."
"कायमची?"
"हो."
"मग खोटं बोलते?"

आता याला काय सांगावं?
की आमच्यात "जाते" म्हणू नये,
की नारळ फोडायचा तर तो वाढवायचा,
बांगडी फुटली तर ती वाढली,
आणि गाढवपणा केला की आई म्हणायची, शहाणाच आहेस.
दाभोळ्यांनी यात नवीन काय केलं?
बोलणं आमचं पूर्वीपासूनच
मागच्या दाराने ये-जा करणारं.
"खोटं नाही," मी म्हटलं, "रीत आहे."
तो पुठ्ठ्याकडे बघत राहिला.

प्रयोगाच्या रात्री पत्र्यावर समुद्राचा वारा.
बाकी सगळं वहीबरहुकूम.
डबे. हं. कढीपत्ता –
इथे मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.
दार.
"येते."

उजेड तसाच.

मी वही हलवली, हात हलवला,
खडीसाखर गिळून बसलो.
शरयू पाठमोरी, हात कडीवर.
पुढचं वाक्य तिच्याकडे नव्हतं.
आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडेही नव्हतं.
खोडलेल्यातलं एखादं द्यावं का?
तोंड उघडलं, मिटलं.
नवरा झालेले हळबे
वर्तमानपत्राच्या कडेवरून तिच्याकडे बघू लागले,
जे त्यांना सहा महिने सांगूनही जमलं नव्हतं.
रेडिएटर टिकटिकत होता.
मग मघा हसलेल्याच जागेवरून
नाक ओढल्याचा आवाज आला,
आणि कितीतरी वेळाने अंधार.

दाभोळे धावत आत. "हे कुणाच्या डोक्यातलं?"
मी एम्रिसकडे बोट केलं.
तो केबल गुंडाळत होता, कोपरावरून, सावकाश,
फासे मोजल्यासारखे.
"बोट बटणावरच होतं माझं," म्हणाला.
"पण येते म्हणाली ना ती.
म्हटलं, जरा वाट बघू."