डावा कान

आश्विन लागला की माझी डायरी भरते.
पहिल्या पानावर समईचं तेल सांडलंय, ते तसंच.
'सुपडू साउंड सर्व्हिस, पारोळा'
शिक्का दर साली फिकट उठतो
आणि कामं तीच:
नवरात्राचे नऊ दिवस, त्यातले दोन एकाच रात्री दोन गावांत
(म्हणून मेहुणा लागतो, आणि त्याची ॲपे),
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वहीगायनाची स्पर्धा,
ग्रामपंचायतीची ढाल, वर अकराशे एक,
मग बडगुजर सरांचं तीन अंकी नाटक
जे दुसऱ्या अंकातच संपतं,
कारण तिसऱ्यातल्या राजाला
पहाटे कापूस वेचायला जायचं असतं.

माझं काम सोपं. एक, दोन, तीन म्हणायचं.
चारपर्यंत मी कधी गेलो नाही.
त्यानंतर माइक लोकांचा.
सरपंच त्यात फुंकतात.
भजनी मंडळाचे बुवा टिचकी मारतात, खरबूज बघावं तशी.
सूत्रसंचालनाच्या जागृती मॅडम काहीच करत नाहीत,
नुसता श्वास घेतात,
आणि तो श्वास लिंबावरच्या भोंग्यातून
ओल्या बोंडांवरून, बोरीच्या कोरड्या पात्रावरून
पलीकडच्या गावात जाऊन
कुणाच्या तरी जेवणात पडतो.

एकतीस वर्षं भोंगा माझ्या डाव्या हाताला.
डावा कान गेला.
धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, काळजी नको,
एका कानाने सगळं ऐकू येतं,
फक्त कुठून येतं ते कळत नाही.

यंदा वहीच्या स्पर्धेला दगा बाबा आले.
दव पडलं होतं, डफ सादळलेला.
पऱ्हाटीच्या काड्या पेटवून शेकत बसले
आणि वर न बघता म्हणाले,
'बंद कर रे तुन्हा भोंगा.'
मी म्हटलं, बाबा, अकरा गावं आलीत, नियम आहे.
मग पाठ केली, खटका वाजवला नुसता,
आणि म्हटलं, केला बंद.

ते बंद समजून गायले.
प्रत्येक चरणानंतर थांबले,
जोडीदाराचं उत्तर यावं इतका वेळ.
जोडीदार श्रावणात गेला.
ती तेवढी जागा
मी आवाज न कमी करता
तीन गावांना ऐकवली.
परीक्षकांनी लय तुटते म्हणून चार गुण कापले.
बाबांना अजून सांगितलेलं नाही.

कोजागरीला डीपी जळाली.
दुधाखालचा जाळ तेवढा उजेड, आणि वर चंद्र,
पण चंद्राचं बिल कुणी भरत नाही म्हणून त्याकडे लक्ष कमी.
कविसंमेलनातला पहिला कवी माझ्याकडे बघत राहिला,
मी त्याच्याकडे.
जनरेटर अमळनेरला, एका लग्नाच्या बोलणीत अडकलेला.
मग लोक उठून जवळ सरकले,
सतरंजीसकट.
मी हात कुठे ठेवायचे ते न कळून
खिशात ठेवले.

गल्लीत गुलाबाईची शेवटची रात्र.
पोरींची गाणी संपली, खिरापतीचा डबा निघाला.
कुणीतरी माझ्या पुढ्यात, की मागे,
तो खुळखुळवला.
'काय शे, वळख मामा!'
हर्षालीचा आवाज, माझ्या भाचीचा.
मी एकतीस वर्षं आवाज ओळखतो.
मुरमुरे असते तर पाऊस पडला असता.
बत्तासे एकमेकांना धरून राहतात.
हे जड होतं, मोजकं होतं,
थोडं उशिराने आपटत होतं.
'खारका,' मी अंधाराला म्हटलं,
उजवीकडे वळून, मग मागे, मग पुन्हा उजवीकडे.
पोरी हसल्या, त्यांना वाटलं मामा फुगडी घालतोय.

मग कुणीतरी माझा हात धरून
त्यात एक खारीक ठेवली.
तेव्हा कळलं,
ती डावीकडे होती.